थोगोटोच्या टेबलावरचा कागद

सन 1929, ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. मोंबासाहून आलेली गाडी नैरोबी सोडून चढ चढत येते आणि किकुयू नावाच्या लहानशा स्टेशनवर थांबते. तुम्ही उतरता. आधी जाणवते ती थंडी. विषुववृत्त इथून जेमतेम दीडशे किलोमीटरवर आहे, पण तुम्ही सुमारे दोन हजार मीटर उंचीवर आला आहात. अंगातला सुती सदरा पुरत नाही. मग लक्ष जातं मातीकडे. लालभडक, चिकट, पावसाच्या दोन सरींत चपलेचा तळ धरून ठेवणारी, महाबळेश्वरच्या मातीसारखी.

फाटकापाशी उभी असलेली दोन पोरं तुमच्याकडे बोट दाखवून ‘मुहिंदी’ म्हणतात. हिंदुस्थानातल्या माणसाला इथे हेच नाव आहे. ज्या रुळांवरून तुम्ही आलात ते 1896 ते 1901 या काळात टाकले गेले. त्यासाठी हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, तीस हजारांवर मजूर आणले होते आणि त्यांतले अडीच हजारांच्या आसपास इथेच मेले. स्टेशनसमोरच्या पत्र्याच्या दुकानात चादरी, मीठ आणि रॉकेल विकणारा गुजराती दुकानदार तुम्हाला आपलं माणूस समजून मान हलवतो. गोऱ्यांच्या खाली आणि काळ्यांच्या वर अशी एक मधली पायरी इथे आहे. पुढचं सगळं तुम्हाला त्या पायरीवरून दिसणार आहे, हे विसरू नका. भाषा तुम्हाला कळते असं धरून चाला.

रस्त्यानं निघा. समोरून येणाऱ्या पुरुषांच्या गळ्यात दोरीला अडकवलेली एक पत्र्याची डबी लटकते आहे. तिला किपांडे म्हणतात. आत एक कागद आहे. त्याच्यावर त्या माणसाच्या बोटांचे ठसे, तो कुठल्या गोऱ्या मालकाकडे कामाला होता, मालकानं त्याला कधी सोडलं, हे सारं लिहिलेलं आहे. पहिलं महायुद्ध संपल्यावर ही डबी सोळा वर्षांवरच्या प्रत्येक आफ्रिकी पुरुषाच्या गळ्यात आली. ती नसेल तर कुणीही शिपाई पकडून नेऊ शकतो. बाया कपाळाला पट्टा लावून पाठीवर जळणाचे भारे नेताहेत, इतक्या वाकून की समोरचं त्यांना दिसत नसावं. तरी त्या बरोबर तुमच्या बाजूनं वळून जातात.

दोन्ही अंगाला शेतं आहेत. काही इथल्या किकुयू लोकांच्या घराण्यांची, काही गोऱ्यांची. 1898-99 साली इथे भयंकर दुष्काळ पडला, पाठोपाठ देवी आल्या, आणि वाचलेली माणसं उत्तरेकडे नातेवाइकांच्या आसऱ्याला गेली. ती परतायच्या आत सरकारनं जमीन मोकळी आहे असं ठरवून टाकलं आणि वसाहतवाल्यांना वाटली. ज्यांच्या आजोबांनी तिथे जंगल तोडून शेत केलं होतं ते आता त्याच शेतात मजुरीला जातात. पुढे जे घडणार आहे त्यात वरवर जमिनीचा विषयच नाही, पण प्रत्येक वाक्याच्या खाली जमीन आहे.

अर्ध्या-पाऊण तासात थोगोटो येतं. चर्च ऑफ स्कॉटलंडचं मिशन. नव्या दगडी चर्चचं बांधकाम अजून पुरं व्हायचं आहे. शाळा आहे, कार्यशाळा आहे, हॉस्पिटल आहे, आणि भोवती मिशनच्या नावावर असलेली सुमारे 3,000 एकर जमीन आहे. इथले प्रमुख डॉ. जॉन आर्थर. 1907 साली तरुण डॉक्टर म्हणून आले, इथेच पाद्री झाले आणि आता ते केनिया वसाहतीच्या कार्यकारी मंडळात आफ्रिकी लोकांच्या हिताचे प्रतिनिधी म्हणून बसतात. आफ्रिकी लोकांच्या वतीनं त्या मंडळात कुणी आफ्रिकी माणूस बसत नाही.

हॉस्पिटलच्या बायकांच्या वॉर्डात जा. डॉक्टरांची बाजू इथे आल्याशिवाय कळणार नाही. खाटेवर एक विशीची बाई आहे, भिंतीकडे तोंड करून निजलेली. दोन दिवस कळा सोसून ती इथे आणली गेली. मूल गेलं. इथली मुलं-मुली वयात येताना त्यांचा इरुआ नावाचा संस्कार होतो. मुलग्यांची सुंता होते आणि मुलींच्या जननेंद्रियाचा भाग कापला जातो. काही ठिकाणी थोडा, काही ठिकाणी पुष्कळ. जखम भरताना तिथे कडक व्रण धरतो आणि बाळंतपणाच्या वेळी तो ताणत नाही. मिशनच्या डॉक्टरांनी हे वीस वर्षं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. सुरुवातीला त्यांनी मधला मार्गही काढून बघितला. हॉस्पिटलातच, देखरेखीखाली, हे करू द्यावं. पण काय करतात हे जवळून पाहिल्यावर त्यांची मनं आणखी घट्ट झाली. या बाईच्या खाटेपाशी उभं राहून डॉक्टरांना खोटं म्हणता येत नाही. मला तरी येत नाही.

पण आता शाळेच्या व्हरांड्यात चला. तिथे एक टेबल मांडलंय. टेबलावर छापील कागद, दौत, टाक आणि एका चपट्या डबीत शाई शोषलेलं कापड. समोर मिशनचे शिक्षक आणि चर्चचे पंच रांगेत उभे आहेत. त्यांतल्या बहुतेकांना उत्तम लिहिता येतं. तेच तर इतरांना लिहायला शिकवतात. तरीही शाईची डबी आहे, कारण ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यावरही पाळी येणार आहे. लोक या साऱ्या प्रकरणाला ‘किरोरे’ म्हणू लागलेत, म्हणजे अंगठा.

कागदावर दोन गोष्टी आहेत. एक, मी मुलींचा इरुआ सोडला. दुसरी, मी किकुयू सेंट्रल असोसिएशनचा सभासद नाही आणि होणार नाही.

जरा थांबून ती दुसरी गोष्ट पुन्हा वाचा. ही असोसिएशन 1924 साली स्थापन झाली. हिसकावलेली जमीन परत द्या, किपांडे बंद करा, आमच्या माणसांना कायदेमंडळात घ्या, अशा तिच्या मागण्या आहेत. तिचा सरचिटणीस जॉन्स्टन केन्याटा याच मिशनच्या शाळेत शिकला. ‘मुइग्विथानिया’ हे किकुयू भाषेतलं मासिक त्यानं 1928 साली काढलं, आणि या वर्षाच्या आरंभी जमिनीची गाऱ्हाणी घेऊन तो लंडनला गेला आहे. मार्चमध्ये उत्तरेकडच्या टुमुटुमू मिशनमधल्या परिषदेत मिशनांनी ठराव केला की ख्रिस्ती माणसानं ही चाल सोडलीच पाहिजे. असोसिएशननं उलट पवित्रा घेतला की आमच्या चालीरीतींत मिशननं हात घालू नये. मग डॉ. आर्थरनी दोन्ही प्रश्नांची एकाच कागदावर मोट बांधली. मुलीच्या अंगाला पातं लागू नये एवढंच ज्याला मान्य आहे, त्यालाही आता आपली जमीन मागणाऱ्या संस्थेला सोडचिठ्ठी द्यावी लागेल. आणि जमीन मागायची असेल तर मुलीला पात्याखाली धरणाऱ्यांच्या बाजूला उभं राहावं लागेल. तिसरा कागद टेबलावर नाही.

रांगेतला एक शिक्षक, पस्तिशीचा, अंगात खाकी कोट, पुढे येतो. टाक उचलतो. टोकाची शाई कागदावर पडू नये म्हणून दौतीच्या काठाला निपटतो, शाळेत पोरांना शिकवतो तसा, सवयीनं. मग तो टाक परत दौतीत ठेवतो, कोटाला हात पुसतो आणि व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून चालू लागतो. कुणी त्याला हाक मारत नाही. त्याची नोकरी गेली. त्याच्या मुलांची नावं शाळेतून निघतील. त्याच्यामागे जा.

त्याचं घर चौकोनी आहे, खिडक्यांचं. मिशनचे लोक अशी घरं बांधतात. दहा पावलांवर त्याच्या आईची गोल झोपडी, गवतानं शाकारलेली. संध्याकाळी सगळी तिथेच जमतात, कारण विस्तव तिथे आहे. तीन दगडांच्या चुलीवर मका आणि घेवडा एकत्र शिजतोय. एका बाजूला शेळ्या बांधलेल्या आहेत आणि त्यांच्या अंगाची ऊब तुमच्या पाठीला लागते. म्हातारीच्या कानांत मण्यांची मोठी कडी आहेत. तेरा वर्षांची नात तिला टेकून बसली आहे. किकुयूंत पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव देतात. म्हणून या दोघींचं नाव एकच, आणि आजी नातीला स्वतःच्याच नावानं हाक मारते. आपण मेल्यावर हीच आपण असणार, असं ती धरून चालली आहे.

“सही केली नाहीस, बरं केलंस,” म्हातारी मुलाला म्हणते.

“सही नाही केली ती त्यासाठी नाही, आई.”

“मग कशासाठी?”

तो बराच वेळ विस्तव सारतो. “त्यांनी मला विचारलं असतं की पोरीला पाठवणार का, तर मी नाही म्हणालो असतो. गेल्या वर्षीच आम्ही दोघांनी ठरवलं होतं. पण त्यांनी ते विचारलं नाही. त्यांनी विचारलं, तू कुणाचा?”

म्हातारी हे ऐकून चिडत नाही, घाबरते. “पाठवणार नव्हतास? मग ही कुणाबरोबर बसणार? मी हिच्याएवढी होते, पहाटे नदीत उभी राहिले. पाय बधिर झाले. पापणी हलवली नाही मी. माझ्याबरोबर ज्या बसल्या त्या अजून माझ्या आहेत. दुष्काळात आमच्या घरात दाणा नव्हता तेव्हा तुला काय तुझ्या चुलत्यांनी जगवलं? त्यांनी जगवलं, माझ्याबरोबरच्या बायांनी.”

तिचं म्हणणं नीट ऐकून घ्या, कारण मिशनच्या अहवालांत ते सापडत नाही. एका हंगामात ज्यांचा इरुआ झाला त्या सगळ्यांची मिळून एक रीका होते, आणि त्या गटाचं नाव जन्मभर टिकतं. राजा नसलेल्या या समाजात माणसं एकमेकांना बांधली गेली आहेत ती घराण्यानं आणि या रीकांनी. शेतावर मदतीला कोण येणार, म्हातारपणी कुणाचा शब्द मोठा, भांडण कुणी मिटवायचं, सगळं त्यावर. संस्काराच्या आधी पवित्र उंबरवर्गी वृक्षाखाली, मुगुमोखाली, नाच होतो. किरिन्यागा पर्वतावर राहणाऱ्या न्गाई या देवाची प्रार्थना होते. मुलीला बाईपणाच्या चार गोष्टी शिकवल्या जातात. पातं हा त्यातला एक क्षण. मिशनच्या नजरेत तो क्षण तेवढा होता आणि बाकी सगळं नव्हतं. म्हातारीच्या नजरेत बाकी सगळं आहे आणि वॉर्डात भिंतीकडे तोंड करून निजलेली बाई नाही.

शेजारचा एक जण डोकावून जातो आणि बातमी सांगतो: गोऱ्यांना आपल्या मुली न कापलेल्या हव्यात, म्हणजे त्यांच्याशी लग्नं करून उरलेली जमीनही घेता येईल. तुम्हाला हे हास्यास्पद वाटेल. पण त्या वर्षी किकुयू प्रदेशात ही अफवा खरोखर पसरली होती, आणि ज्यांची जमीन एकदा कागदावरच्या खुणेनं गेली आहे त्यांना दुसऱ्या कागदाबद्दल काय वाटणार?

शिक्षक बाहेर जातो तेव्हा इतका वेळ गप्प असलेली त्याची बायको बोलते, मडक्यात पळी फिरवत, कुणाकडे न बघता. “डॉक्टर खरं सांगतात. माझं पहिलं गेलं ते कशानं, मला माहीत आहे. पण डॉक्टर माझ्या पोरीला नवरा बघून देणार आहेत का?”

मुलीला अजून कुणी काही विचारलेलं नाही. तुम्ही विचारा, परक्याला चालून जातं. ती आधी आजीकडे बघते, मग आईकडे. “मला शाळेत जायचंय,” ती म्हणते. आणि थोड्या वेळानं, “मला कुणी किरिगु म्हटलेलं नकोय.” किरिगु म्हणजे इरुआ न झालेली. विहिरीवर, बाजारात, वाटेत, पोरी एकमेकींना हा शब्द मारतात. दोन्ही हवं असलेल्या मुलीला जागा देईल असं त्या वर्षी त्या डोंगरांत काहीही नाही.

महाराष्ट्रातल्या माणसाला हे घर पूर्ण परकं वाटू नये. 1891 साली पुण्यात आपण याच चुलीपाशी बसलो होतो. बंगालमध्ये फूलमणी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीनं मेली आणि सरकारनं संमतिवयाचा कायदा आणला, दहावरून बारा. आगरकर ‘सुधारक’मधून बाजूनं लिहीत होते, टिळकांचा ‘केसरी’ म्हणत होता की परक्या सरकारनं आमच्या घरात कायदा घालू नये. टिळकांचा मुद्दा राज्याबद्दल होता आणि तो खोटा नव्हता. पण त्याची किंमत ज्यांच्याकडून वसूल होणार होती त्या मुली दहा वर्षांच्या होत्या. मला हा भाग कधीच शांतपणे वाचता आलेला नाही, आणि थोगोटोचा कागद वाचतानाही तेच होतं.

आता आठवडे भराभर जाऊ द्या. थोगोटोच्या मिशनचे प्रार्थनेला बसणारे दहातले नऊ सभासद महिन्याभरात सोडून जातात. शाळांचे बाक रिकामे पडतात. उत्तरेकडे टुमुटुमूला गळती पुष्कळच कमी आहे. तिथल्या मिशनरींनी एवढी घाई केली नाही. सही केलेल्यांना लोक किरोरे म्हणतात आणि न केलेले स्वतःला कारिंगा म्हणवतात, अस्सल. एकाच घरातले दोघे भाऊ रस्त्यात एकमेकांना ओळख देत नाहीत.

रात्री डोंगरउतारावर गाणं ऐकू येतं. मुथिरिगु. तरुण पोरं आणि पोरी फेर धरून नाचताहेत आणि एक जण नवी ओळ जोडतो, बाकीचे उचलतात. डॉ. आर्थरांना शिव्या आहेत, सरकारच्या पगारी प्रमुखांना आहेत, जमिनीबद्दल आहे, लंडनला गेलेल्या केन्याटाची स्तुती आहे. आणि सही केलेल्या घरांतल्या मुलींबद्दलही आहे, नाव घेऊन, ऐकवणार नाही असं. स्वातंत्र्याचं गाणं म्हणून पुढे याचं कौतुक झालं, आणि ते तसं होतंही. पण त्या घरांतली एखादी मुलगी अंथरुणात पडून ते ऐकत असेल तेव्हा तिला त्यात स्वातंत्र्य ऐकू आलं नसेल. काही ठिकाणी मिशनच्या मुलींना पकडून जबरदस्तीनं इरुआ केल्याच्या तक्रारी येताहेत. जानेवारी 1930 मध्ये सरकार गाण्यावर बंदी घालतं आणि गाणारे तुरुंगात जातात.

त्याच जानेवारीच्या 3 तारखेला किजाबेच्या अमेरिकन मिशनमध्ये हुल्डा स्टम्प्फ ही साठी उलटलेली मिशनरी बाई तिच्या घरात मारलेली सापडते. तिचाही जबरदस्तीनं इरुआ केला असं बोललं जातं. जखमांचा अर्थ काय यावर तेव्हाच एकमत झालं नाही, एकावर खटला चालला आणि तो सुटला. खून कशासाठी झाला हे न्यायालयात ठरलंच नाही, पण दोन्ही बाजूंनी आपापल्यापुरतं ठरवून टाकलं. त्याआधी डिसेंबरात लंडनच्या पार्लमेंटमध्ये ॲथॉलची डचेस आणि एलिनॉर रॅथबोन यांनी मुलींच्या इरुआचा विषय काढला होता. डॉ. आर्थर तोवर कार्यकारी मंडळातून बाहेर पडलेले असतात. सरकारला हे प्रकरण नको झालंय. कर भरला जातोय तोवर मुलींचं काय करायचं ते हळूहळू, शिक्षणानं, असं अधिकारी म्हणू लागतात. गंमत नाही ही, दुःख आहे: केन्याटाही एडिनबरोच्या मिशनवाल्यांना जवळपास हेच सांगतो.

1930 नंतरची एखादी सकाळ बघा, त्याच शिक्षकाच्या गावातली. मिशनच्या शाळेतून काढलेल्या पोरांसाठी लोक स्वतःची शाळा बांधताहेत. पुरुष वॉटलच्या झाडांचे वासे उभे करताहेत, बाया ओढ्यावरून पाणी आणून चिखल तुडवताहेत, म्हाताऱ्या गवताच्या पेंढ्या पुढे करताहेत. आपला शिक्षक गुडघ्यापर्यंत चिखलात आहे. सरकारची दमडी नाही, मिशनची नाही. कुणी शेळी विकली, कुणी मक्याचं पोतं. छत पुरं व्हायच्या आत मुलं आत बसतात आणि लाल भिंतीला टेकवलेल्या काळ्या फळ्यावर इंग्रजी अक्षरं उमटतात, कारण पालकांची पहिली मागणी इंग्रजीची आहे. मिशननं पोरांना सुतारकाम आणि मातृभाषेतलं बायबल शिकवलं. यांना वकील हवेत, जमिनीचा कागद वाचणारे हवेत.

हे लोक बायबल टाकून देत नाहीत, ही गोष्ट मला या सगळ्या इतिहासात फार मोलाची वाटते. 1926 साली किकुयूत छापलेला नवा करार ते जवळ ठेवतात, रविवारी वाचतात आणि विचारतात की यात मुलींच्या इरुआला मनाई कुठे आहे? एकाहून जास्त बायका नकोत म्हणता, तर अब्राहामाला त्या होत्याच की. देव आमचा आणि तुमचा एकच असेल तर त्याच्यापाशी जायला स्कॉटलंडवरून का जावं? अशा शाळांच्या दोन संघटना उभ्या राहतात, एक स्वतंत्र शाळांची आणि एक कारिंगा. आपल्या मुलांना बाप्तिस्मा कोण देणार म्हणून 1935 साली ते दक्षिण आफ्रिकेहून डॅनियल विल्यम अलेक्झांडर या कृष्णवर्णीय आर्चबिशपला बोलावून घेतात आणि स्वतःचे पाद्री तयार करतात. 1939 मध्ये गिथुंगुरीला त्यांचं शिक्षकांचं कॉलेज निघतं आणि त्याच्यासाठी रीकांमध्ये चढाओढीनं वर्गणी जमते. म्हातारी जे सांगत होती ते हेच.

मिशनचा द्वेष करून ही शाळा बांधली असं कुणी सांगितलं तर मानू नका. मिशननं अक्षराची जी गोडी लावली ती इतकी खोल गेली होती की मिशन सुटलं तरी ती सुटली नाही.

या शाळांत मुलीही बसल्या. त्यांतल्या बहुतेकींचा इरुआ झाला होता.

आता टुमुटुमूला चला, 1931 सालच्या नाताळात. या प्रवासातलं हे ठिकाण मी कुणालाच चुकवू देणार नाही. किरिन्यागाच्या पायथ्याकडची ही टेकडी. मिशनच्या शाळेत शिकलेल्या काही किकुयू बाया इथे एकत्र आल्या आहेत. आपल्या मंडळाला त्यांनी ‘न्गो या तुइरितु’ असं नाव दिलंय, कोवळ्या मुलींची ढाल. त्या दक्षिण न्येरीच्या स्थानिक मंडळाला पत्र लिहिताहेत. ते मंडळ पुरुषांचं. पत्राचा आशय असा की मुलींच्या इरुआबद्दल पुरुष बोलतात हे ऐकून आम्हाला नवल वाटतं, कारण बाळंतपणाच्या वेदना पुरुषांना सोसाव्या लागत नाहीत. ही बायकांची बाब आहे. आणि ज्या मुलीला नको आहे तिच्यावर सक्ती होऊ नये.

खोलीत काही ख्रिस्ती पुरुषांचा पाठिंबा असेल, मिशनरी बायांचंही साहाय्य असेल. पण शब्द यांचे आहेत. यांना स्कॉटिश व्हायचं नाही आणि किकुयूपण त्यांनी सोडलेलं नाही. थोगोटोच्या टेबलावर जो तिसरा कागद नव्हता, तो या बायांनी दोन वर्षांनी स्वतः लिहिला. इतिहासाच्या पुस्तकांत आर्थर आणि केन्याटा यांना पानंच्या पानं मिळतात आणि या पत्राला कुठेतरी परिच्छेद. केन्याटानं पुढे लंडनमध्ये मॅलिनोव्स्कीच्या हाताखाली मानवशास्त्राचा अभ्यास केला आणि 1938 साली ‘फेसिंग माउंट केन्या’ लिहिलं. इरुआचा सामाजिक अर्थ त्यात फार समर्थपणे मांडलाय. हॉस्पिटलच्या वॉर्डातली बाई मात्र त्या पानांत जवळपास नाहीच.

पुढची वर्षं वेगानं ओलांडा. 20 ऑक्टोबर 1952 ला आणीबाणी जाहीर होते. वसाहतीच्या सरकारविरुद्ध माऊ माऊचा उठाव सुरू झालाय. केन्याटाला अटक. स्वतंत्र शाळा म्हणजे बंडखोरांचे अड्डे, असं म्हणून सरकार त्या बंद करतं. चिखल तुडवून बांधलेल्या भिंती पाडल्या जातात. गिथुंगुरीचं कॉलेज सरकारच्या ताब्यात जातं आणि जिथे शिक्षक तयार व्हायचे तिथे फाशी दिली जाते. आणीबाणीत सरकारनं हजाराहून जास्त माणसं फासावर लटकवली.

त्या धामधुमीत 1956 साली शेजारच्या मेरू प्रदेशात वडीलधाऱ्यांची परिषद, न्जुरी न्चेके, सरकारी अधिकाऱ्यांच्या पाठबळानं मुलींच्या इरुआवर बंदी घालते. पुन्हा सगळे पुरुषच. आणि मग जे होतं ते पचवायला कठीण आहे: मुली दुकानातून दाढीचं ब्लेड विकत घेतात, रानात जातात आणि एकमेकींचा इरुआ करतात. आई नाही, आजी नाही, सुईण नाही, गाणी नाहीत. या प्रकाराला ‘न्गाइताना’ असं नाव पडलं, मी माझा मीच करीन. तीन वर्षांत सुमारे 2,400 मुली, बाया आणि पुरुषांवर खटले झाले. दंड शेळ्यांत किंवा पैशांत. संस्कारातलं रीकांचं, शिकवणुकीचं, आजीचं जेवढं होतं तेवढं सगळं गळून गेलं आणि उरलं फक्त पातं.

मार्च 2021 मध्ये नैरोबीच्या हायकोर्टात या. केनियानं 2011 साली मुलींच्या आणि स्त्रियांच्या या कापण्यावर पूर्ण बंदी घालणारा कायदा केला, आपल्या संसदेत, आपल्या मतांनी. त्याला आव्हान दिलंय एका केनियन स्त्रीनं. ती स्वतः डॉक्टर आहे. तिचं म्हणणं, सज्ञान स्त्रीला आपली परंपरा निवडायचा हक्क आहे आणि हा कायदा वसाहतीचीच री ओढतो. तीन न्यायाधीश निकाल वाचतात आणि कायदा कायम ठेवतात. स्त्रीनं संमती दिली तरी भोवतालच्या दडपणाखाली ती खरी संमती राहतेच असं नाही, हा निकालाचा गाभा.

निकालाच्या आधी साक्षी झाल्या होत्या. पात्याखालून गेलेल्या बाया साक्षीदारांच्या पिंजऱ्यात येऊन आपल्याला काय झालं, कुणी धरलं, बाळंतपणात काय सोसलं, ते आपल्या तोंडानं सांगून गेल्या. ते कोर्टाच्या दप्तरात लिहून घेतलं आहे.